थंडीतला चोणक आणि पोयीच्या तळाचे पाणी

माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षे अमेरिकेतील टेनेसी राज्यात राहतो आणि तेथील हिवाळा त्याने डेल हॉलो नावाच्या एका मोठ्या तलावावर, कानटोपी घालून, होडीत बसून बास मासे गरवण्यात घालवायचा असे ठरवून टाकलेले आहे. लहानपणी गोव्यातल्या आमच्या दुर्भाटच्या बांधावर वडिलांनी आम्हा दोघांच्या हाती एकाच दिवशी गरी, म्हणजे गळाची काठी, दिली होती. त्यामुळे माशाचा विषय निघाला की आमच्या बोलण्याला वेळेचे भान राहत नाही. गेल्या दिवाळीत त्याने मला एक लहानशी डबी पाठवली. तिच्यात माशाच्या आकाराच्या, पाठीला भोके पाडलेल्या आणि पोटाशी शिसे ओतलेल्या धातूच्या सहा पातळ पट्ट्या होत्या. तिकडे त्यांना ब्लेड बेट म्हणतात. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : ‘ताई, थंडीत खोल पाण्यात तळाला टेकव, वीतभर उचल आणि पडू दे. घाई करू नकोस.’

बास हा शब्द फार फसवा आहे. भावाच्या तलावातले लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन्ही बास प्रत्यक्षात सनफिश कुळातले, निव्वळ गोड्या पाण्याचे मासे आहेत. आपल्याकडे ज्याला इंग्रजीत सी बास म्हणतात तो आमचा चोणक, म्हणजेच रायगडकडचा जिताडा, बंगालची भेटकी आणि ऑस्ट्रेलियाची बारामुंडी. त्याचे कूळ निराळे आणि जीवनक्रमही निराळा. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाड्यांतून, नद्यांतून, खाजनांतून वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा खाऱ्या पाण्याकडे जातो. शिवाय आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत तो नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याची मादी होते, म्हणून बाजारात मिरवणारा दहा किलोंचा चोणक बहुधा मादीच असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटिमीटरांहून लहान आणि 120 सेंटिमीटरांहून मोठी बारामुंडी पाण्यात परत सोडावी लागते, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे मोठ्या माशाचा फोटो काढून त्याचे तुकडे करतात.

थंडीत खोल पाण्यात बास का जातो, याचे उत्तर मला भावाला विचारण्याआधीच ठाऊक आहे असा माझा समज होता, कारण उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी मी तेच उदाहरण देते. पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून गोठणाऱ्या तलावात वर बर्फ आणि तळाला 4 अंशांचे पाणी राहते, आणि मासे त्या तळाच्या पाण्यात हिवाळा काढतात. मी हे मोठ्या आत्मविश्वासाने फोनवर सांगितले, तेव्हा भाऊ हसला. त्याचा तलाव गोठतच नाही. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन खाली उतरते, उन्हाळाभर वेगळे राहिलेले थर मिसळतात, आणि जानेवारीत वरपासून खालपर्यंत पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच असते. मग मासा खोल का जातो? त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन कारणांनी. उन्हाळ्यात प्राणवायूअभावी बंद पडलेला तळ या उलथापालथीमुळे पुन्हा राहण्याजोगा होतो, आणि बास ज्यांच्यावर जगतो ते शॅड नावाचे लहान मासे, थंडीचे चढउतार कमी असलेल्या खोल पाण्यात उतरतात. जेथे भक्ष्य, तेथे भक्षक. ऊब तळाला आहे म्हणून तो तिथे जातो, हे माझे स्पष्टीकरण उत्तरेकडच्या बर्फाळ तलावांसाठी बरोबर होते, पण त्याच्या तलावाला लागू नव्हते.

थंड रक्ताच्या प्राण्याची थंडीतली भूक हा त्यापुढचा भाग. पाणी सात-आठ अंशांवर आले की बासचे पचन अतिशय मंदावते, एकदा खाल्लेले बराच काळ पुरते, आणि तोंडासमोरून वेगाने गेलेल्या कोणत्याही वस्तूच्या मागे धावणे त्याला परवडत नाही. म्हणून ती पट्टी तळाला टेकवून वीतभर उचलायची, ती थरथरत वर येते, आणि मग दोरी ढिली न सोडता तिला खाली जाऊ द्यायचे. मासा ती पडतानाच घेतो. हाताला धक्का बसत नाही, फक्त पट्टी जेवढ्या वेळात तळाला पोहोचायला हवी तेवढ्यात पोहोचत नाही, किंवा पुढच्या उचलीला जरा जड लागते. त्याच भागात लांब गरीला तरंगत्या बोंडाखाली केसांचे बारीक जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) टांगून ते नुसते पाण्यात अधांतरी ठेवण्याचीही एक पद्धत आहे, आणि ती तर माझ्या स्वभावाला अजिबात मानवणारी नाही. डेल हॉलोचा भावाला वाटणारा अभिमान मात्र रास्त आहे. स्मॉलमाउथ बासचा 11 पौंड 15 औंसांचा, म्हणजे सुमारे 5.4 किलोंचा जागतिक विक्रम 1955 साली याच तलावात झाला आणि तो अजून मोडलेला नाही.

आता आमच्याकडचे खोल पाणी. झुवारीच्या काठच्या गावांत नदी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, बांधाच्या आतल्या सखल जमिनीला खाजन म्हणतात, आणि त्या खाजनात साठून राहिलेल्या खाऱ्या-मचूळ पाण्याच्या लांबट तळ्याला पोय म्हणतात. नदी आणि पोय यांच्यामध्ये जी दारे असतात ती मानस. मानशीची लाकडी दारे अशी टांगलेली असतात की भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात; त्यांना ना मोटर लागते ना पहारेकरी. मासळी आत यावी म्हणून भरतीच्या वेळी एखादे दार थोडे उचलून ठेवतात आणि ओहोटीला तोंडाशी जाळे लावतात. या मासेमारीचा लिलाव होतो, आणि ज्याने मानस घेतली त्याच्या परवानगीवाचून तेथे गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे. दुर्भाटची आमची मानस ओळखीच्या एका काकांनी घेतलेली आहे. आमचा व्यवहार ठरलेला आहे : जे मिळेल त्यातला अर्धा वाटा त्यांचा, आणि जाळे लावायची वेळ झाली की मी गरी गुंडाळायची.

दारांतून जोराने येणारे-जाणारे पाणी वर्षानुवर्षे तळ खरवडत राहते, त्यामुळे एरवी छातीभर खोल असलेल्या पोयीत मानशीच्या आतल्या बाजूला एक खोल खड्डा तयार होतो. शिशाला दोरी बांधून मी तो मोजला तेव्हा सर्वांत खोल जागी 4.8 मीटर भरला. भाऊ बारा मीटरांवर मासे शोधतो, त्याला हे ऐकून हसू आले. पण खोली ही आजूबाजूच्या मानाने मोजायची असते, आणि दीड मीटरच्या पोयीत पावणेपाच मीटरांचा खड्डा म्हणजे डोंगरातली दरीच होय. शिवाय आपल्या खड्ड्याचा एक फायदा आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथून झपकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगून दुप्पट होते आणि मासा परत सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. म्हणून परत सोडायचा असेल तेव्हा भाऊ एका मर्यादेपलीकडे पट्टी सोडतच नाही. आमच्या खड्ड्यात ही चिंता फारशी नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी काका बांधावर बसून विडी ओढत होते. घाटावरून येणारा पूर्वेचा वारा बोचत होता. त्यांनी पोयीकडे पाहिले आणि म्हणाले, “उदक थंड जालां बाय, नुस्तें पोंदा गेलां.” पाणी थंड झाले आहे, मासळी खाली गेली आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात अडकले, कारण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते सरळ सरळ चूक वाटत होते. वीस-पंचवीस अंशांच्या पाण्यात थंड पाणी जड असते, ते खाली जाते आणि ऊबदार पाणी वर राहते. मग ऊब शोधणारा चोणक खाली कशाला जाईल? आणि ऊब तो शोधणारच. हा उष्ण प्रदेशातला मासा आहे, पंचवीस अंशांखाली त्याची भूक कमी होते आणि वीसच्या आसपास तो खाणे जवळजवळ सोडतो. पणजीत जानेवारीत पहाटेचे तापमान वीसच्या आसपास उतरते, आणि उथळ पोयीचे वरचे पाणी हवेबरोबर लगेच गार होते.

तेव्हा मी प्रयोगशाळेतला तापमापक आणि द्रवघनतामापक घेऊन बांधावर गेले. तळाचे पाणी आणण्यासाठी सोड्याच्या जुन्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली तळाला टेकल्यावर बूच ओढून काढले, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि ती वर घेतली. वरच्या पाण्याचे तापमान साडेबावीस अंश होते आणि तळाच्या पाण्याचे साडेपंचवीस. मी तीनदा मोजले. घनतामापक मात्र सगळे सांगून गेला : वर 1.008, खाली 1.016. खालचे पाणी वरच्यापेक्षा जवळपास दुप्पट खारट होते. तीन अंशांच्या फरकामुळे घनतेत जो फरक पडतो तो भरून काढायला लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम मीठ पुरते, आणि येथे तर दहा ग्रॅमांचा फरक होता. त्यामुळे वरचे पाणी कितीही गार झाले तरी ते खालच्या खाऱ्या पाण्याला भेदून जाऊ शकत नाही. ते वरच गार होत राहते आणि तळाची ऊब तळाला कोंडलेली राहते. भुज येथे याच तत्त्वावर 6,000 चौरस मीटरांचे सौर तळे बांधून एका डेअरीला गरम पाणी पुरवले जात होते, आणि हे उदाहरणसुद्धा मी वर्गात दरवर्षी देते. ते माझ्या गावच्या पोयीत आहे हे मात्र कधी सुचले नव्हते. टेनेसीच्या तलावाला माझे पाठ्यपुस्तकी उत्तर लागू पडले नाही. थंड पाणी वर आणि ऊबदार पाणी खाली हे चित्र दुर्भाटला निघाले, फक्त ते 4 अंशांमुळे नव्हे, मिठामुळे.

हे कळल्यावर कोणीही जे करील तेच मी केले. भावाने सांगितले होते की पाणी जितके शांत तितका पट्टीचा स्पर्श चांगला कळतो, म्हणून मी पौष शुद्ध अष्टमीचा दिवस निवडला. अष्टमीला भांग असतो, भरती-ओहोटीत जेमतेम फरक असतो, पाणी हलतही नाही. पहाटे सहाला पोहोचले. तळाचे तापमान पुन्हा पंचवीसच्या वर आणि वरचे बावीस. पाणी आरशासारखे, वारा पडलेला, दोरीवर दव जमलेले. साडेचार तास मी वीतभर उचलत होते आणि वीतभर सोडत होते, आणि एकदाही काही जड लागले नाही. एक काळुंदर मासा पृष्ठभागाजवळ येऊन माझ्याकडे पाहून गेला, तेवढीच काय ती भेट. शेवटी पट्टी वर घेतली तेव्हा तिच्या खाचेत अडकलेला काळा चिखल नाकाजवळ आला आणि सडक्या अंड्यांचा वास आला.

काका जवळच होते. त्यांनी वास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “पोंदाचें उदक कुसलां.” तळाचे पाणी कुजले आहे. हे त्यांना सकाळी सहा वाजताही माहीत होते. मग सांगितले का नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले की मास्तरीण यंत्रे घेऊन आली आहे, तिला ठाऊक असेलच असे त्यांना वाटले. यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

चूक उघड होती. जे मीठ ऊब कोंडून ठेवते, तेच प्राणवायूही खाली जाऊ देत नाही. भांगाच्या दिवसांत मानशीतून नवे पाणी फारसे येत नाही. तळाच्या थरातला प्राणवायू कुजणारी पाने आणि चिखल खाऊन टाकतात, आणि तो संपल्यावर काही जिवाणू खाऱ्या पाण्यातील सल्फेटवर जगू लागतात व सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू सोडतात. भावाच्या तलावातला उन्हाळ्यातला बंद तळ आणि माझा अष्टमीचा तळ यांत तत्त्वतः काही फरक नव्हता. तो मला एवढे सांगूनही मी केवळ ऊब मोजत बसले होते, मासा श्वास कशाने घेतो याचा विचार न करता. काकांचे वाक्य पुन्हा आठवले तर त्यात ‘पोंदा गेलां’ होते, पण ते त्यांनी अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी म्हटले होते. तिथी त्यांच्या वाक्यातच होती, मी ती ऐकली नव्हती.

पौष अमावास्येला आमच्या भागात बांधावर माणगे थापतात. चिखलाची मगर करायची, तिच्या अंगावर शिंपले खोचून खवले करायचे आणि तिची पूजा करायची. बांध राखणारी, खाजन राखणारी ती. झुवारीच्या आणि कुंभारजुव्याच्या पाण्यात खरी मगर आहेच, म्हणून मीही बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर कधी बसत नाही. त्या वर्षी पूजा पाहून घरी आले आणि दोन दिवस थांबले. उधाणाच्या भरत्यांनी त्या दोन-तीन दिवसांत मानशीतून नदीचे ताजे, खारे, ऊबदार पाणी आत ढकललेले असणार, आणि ते जड असल्यामुळे सरळ खड्ड्यात उतरणार असा माझा हिशेब होता.

माघ शुद्ध द्वितीयेला सकाळी सातला ओहोटी संपत होती. पोयीचे पाणी बरेच खाली गेले होते आणि खड्डा सव्वातीन मीटरांचाच उरला होता. आठच्या सुमारास पाणी फिरले, दारे एकमेकांवर आपटून मिटली, आणि काकांनी कडेचे दार हातभर उचलले. त्याखालून आत येणारे पाणी पृष्ठभागावर पसरत नव्हते. दारापासून चार-पाच हातांवर फेसाची एक रेघ होती आणि त्या रेघेपाशी पाणी खाली बुडी मारत होते. वाळलेली पाने तेथपर्यंत येऊन अडकत, गोल फिरत आणि तेथेच राहत. तळाचे तापमान सव्वीस, वरचे बावीस. बाटलीतल्या पाण्याला कसलाही वास नव्हता.

पट्टी मी त्या रेघेच्या पलीकडे टाकली आणि पाण्यालाच ती खड्ड्यात नेऊ दिली. दोरीच्या टोकाला मी जाड नायलॉनचा हातभर लीडर बांधला होता, कारण चोणकाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते आणि तोंडाच्या आतला भाग कानसेसारखा. उन्हाळ्यात चोणक आमिष घेतो तेव्हा पाण्यावर ‘थप्प’ असा आवाज होतो, तोंड उघडून तो पाण्यासकट सुंगट (कोळंबी) ओढून घेतो, आणि गरी हातातून सुटते की काय असे वाटते. त्या सकाळी यातले काही झाले नाही. अकराव्या की बाराव्या उचलीनंतर पट्टी पडत होती, आणि मी मनात मोजत होते, एक, दोन. तीनला ती टेकायला हवी होती. दोनलाच दोरी थांबली. मी गरी उचलली तर ओल्या पोत्यासारखे काहीतरी जड, आणि मग ते पोते हलले.

थंडीतला चोणक उड्या मारत नाही. तो दोनदा तळाला गेला, एकदा दाराच्या लाकडी चौकटीकडे वळला, तेव्हा काकांनी “आरे, खांब्याकडेन नाका!” (खांबाकडे नको!) असे ओरडून मला उजवीकडे ढकललेच, आणि दहा मिनिटांनी तो जाळीत आला. 61 सेंटिमीटर लांब, पावणेतीन किलो, पाठ हिरवट सोनेरी, डोळ्यांत ती लालसर चमक. या आकाराचा म्हणजे अजून नरच असणार. पट्टी त्याच्या वरच्या ओठात अडकली होती, अगदी कडेला. म्हणजे त्याने ती हल्ला करून घेतली नव्हती, समोर पडली म्हणून तोंड उघडले होते.

पुढच्या दोन तासांत दोन वेळा दोरी अशीच मध्येच थांबली. एकदा मी घाईने उचलले आणि काहीच हाती आले नाही. दुसऱ्यांदा मासा पहिल्यापेक्षा नक्कीच मोठा होता, कारण तो वळलाच नाही, नुसता चालत गेल्यासारखा दाराकडे गेला. चौकटीच्या कडेला दोरी घासली आणि हलकी झाली. डबीतल्या सहा पट्ट्यांपैकी एक आता मानशीच्या खांबाशी कुठेतरी आहे. बाराच्या सुमारास वरचे पाणीही पंचवीसवर आले, पृष्ठभागावर शेवटे नावाचे लहान मासे उड्या मारू लागले, आणि खड्ड्यात काही लागेनासे झाले.

एक वाजता भरती टेकली. पाने दाराशी थांबली, मग सावकाश उलट दिशेने निघाली. काकांनी चोणक मधोमध कापला, डोक्याकडचा भाग माझ्या पिशवीत घातला आणि शेपटीकडचा स्वतः ठेवला, कारण डोक्याचे हुमण (माशाची आमटी) आमच्या आईच्या हातचे चांगले होते हे त्यांना ठाऊक आहे. नंतर त्यांनी माझा तापमापक मागून घेतला, उन्हात धरून पाऱ्याची रेघ शोधली, ती सापडल्यावर मान हलवून तो परत दिला, आणि जाळ्याची काठी खांद्यावर टाकून ते दारावर चढले. मी गरी गुंडाळली.